स्वस्तातले पेलेट सरावाला चालतात का? पोरीचा स्कोअर महिनाभरात पडलाय

जुळे_सोलापूरकर:
नमस्कार मंडळी, जरा सविस्तर लिहितो, वाचून सांगा. मुलगी नववीत आहे, दीड वर्ष झालं १० मीटर एअर रायफल करतीय. रायफल क्लबची, पीसीपी (आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी), पण पेलेट, म्हणजे शिशाचे छर्रे, ज्याचे त्यानं आणायचे. रोज १०० शॉट, आठवड्याला ५ दिवस, म्हणजे ५०० ची एक डबी बरोब्बर एका आठवड्यात संपते. दिवाळीपर्यंत बाहेरदेशातले मॅच पेलेट (स्पर्धेत वापरतात ते) आणत होतो. मी टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर आहे, महिन्याला चार डब्या म्हणजे मला जड जायला लागलं. मग एकानं सांगितलं म्हणून एका देशी बनावटीच्या १० डब्या एकदम मागवल्या, किंमत निम्म्याहूनही कमी. पहिले तीन आठवडे काहीच फरक जाणवला नाही, मला तर वाटलं इतके दिवस उगाच पैसे घातले. त्यानंतर मात्र स्कोअर घसरला. ६० शॉटला दशांशात (एका शॉटला जास्तीत जास्त १०.९) ५९६-५९७ यायचे ते ५८५-५८६ वर आले. दहा दहा नऊ दहा असं चांगलं चाललेलं असतं आणि मधेच एक ८. तिला विचारलं तर म्हणते पप्पा, ट्रिगर बरोबर सुटला होता, मला दहाच दिसला होता. सर आठवड्यातून एकदा येतात, ते म्हणाले पोझिशन बघू. मग बट प्लेट (रायफलची खांद्याला टेकते ती पट्टी) बदलली, पायातलं अंतर बदललं, डोकं कुठं टेकायचं ते बदललं. महिना झाला ती रोज काहीतरी बदलायलीय आणि काल घरी येऊन रडली, म्हणे माझंच चुकायलंय. पेलेट बदललेत हे मी सरांना सांगितलंच नव्हतं, डोक्यातच आलं नाही. आता प्रश्न असा की हे पेलेटनं होऊ शकतं का? का मी बापाच्या मायेनं कारण शोधतोय?

पार्कचौक:
दादा, मी दोन वर्षं स्वस्तातलेच मारतोय, डिस्ट्रिक्टला मेडल पण आलं. १० मीटर म्हणजे किती लांब ओ, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. एवढ्यात छर्रा कुठं जाणार आहे? मला वाटतं पोरगी टेन्शन घ्यायलीय. नववीचा अभ्यास, क्लास, त्यात रोज स्कोअर मोजणं. दोन आठवडे टार्गेटच लावू नका, नुसती कोऱ्या कागदावर मारू दे, बघा कसा फरक पडतो ते.

दहा_पूर्णांक_नऊ:
कोऱ्या कागदाचा सल्ला चांगला आहे, पण "एवढ्यात कुठं जाणार" हे चूक आहे, आणि हे बोलणं पोरांपर्यंत पोचतं म्हणून सविस्तर लिहिते. मी स्टेटपर्यंत खेळलेय, आता लहान मुलींना शिकवते.

एअर रायफलच्या टार्गेटवरचा १० म्हणजे अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका. ९ चं वर्तुळ साडेपाच मिलिमीटर. प्रत्येक वर्तुळात त्रिज्येचा फरक फक्त अडीच मिलिमीटर, म्हणजे दशांशातला एक ०.१ म्हणजे पाव मिलिमीटर. पेलेट स्वतःच साडेचार मिलिमीटरचा असतो, तो ठिपक्याला नुसता चाटला तरी १०. त्यामुळं पेलेट स्वतःच्या मनानं ७ मिलिमीटर बाजूला गेला, म्हणजे करंगळीच्या नखाएवढासुद्धा नाही, तरी तुमचा पक्का १०.९ चा शॉट ८ वर जातो. आणि पोरगी म्हणतेय "मला दहाच दिसला होता". दादा, हे वाक्य मोलाचं आहे. शॉट सुटल्यावर तो कुठं गेला असेल हे टार्गेट न बघता सांगणं, याला आम्ही शॉट कॉल करणं म्हणतो. दीड वर्षाच्या मुलीचा कॉल आणि प्रत्यक्षातला शॉट बहुतेक वेळा जुळत असेल आणि ठरावीक शॉटलाच जुळत नसेल, तर आधी सामानाकडं बघायचं आणि मग पोरीकडं. तुम्ही लोकांनी उलट केलं. सर आठवड्यातून एकदा येतात, त्यांना कोण सांगणार की डबी बदलली. तुमच्यावर राग नाही, पण वाईट वाटलं वाचून.

आता करायचं काय, तर पोरीला बाजूला ठेवून रायफल आणि पेलेट तपासा. क्लबात व्हाइस (आवळून धरायचा शिकंजा) असेल तर रायफल त्यात नीट अडकवा, लाकूड-रबर लावून, नळी दाबायची नाही. नसेल तर टेबलावर वाळूच्या पिशव्या. जुने मॅच पेलेट १० आणि हे नवे १०, परत जुने, परत नवे, असं आलटून पालटून. पाचाचा ग्रुप (एका जागी मारलेल्या शॉटचा झुबका) मारू नका, पाचात वाईट पेलेट सापडेलच असं नाही. नव्यातले निदान ५० तरी मारा. आणि सगळ्यात छोटा ग्रुप कोणाचा ते बघू नका, सगळ्यात लांब गेलेला पेलेट कोणाचा ते बघा.

एमआयडीसी_अक्कलकोट_रोड:
ताईंचं शेवटचं वाक्य लाखातलं आहे. मी टूलरूममध्ये आहे, मापं हा रोजचा धंदा, म्हणून दोन गोष्टी माझ्याकडून.

पहिली, पार्कचौक तू खोटं बोलत नाहीस हे मला माहितीय, तुला खरंच फरक जाणवला नसणार. कारण माणसाचा पसारा (शॉट किती पसरतात ते) आणि पेलेटचा पसारा यांची सरळ बेरीज होत नाही, वर्गांची बेरीज करून मूळ काढायचं असतं. नवशिक्याचा स्वतःचा पसारा २० मिमी धर आणि पेलेटचा ८. चारशे अधिक चौसष्ट, चारशे चौसष्ट, मूळ साडेएकवीस. म्हणजे खराब पेलेटनं त्याचं नुकसान झालं दीड मिमीचं, कळणारच नाही. पण ज्याचा स्वतःचा पसारा ८ वर आलाय त्याला तोच पेलेट दिला की चौसष्ट अधिक चौसष्ट, मूळ ११.३. त्याचा ग्रुप सरळ ४० टक्क्यांनी फुगला. पेलेट तोच, डबी तीच. पोरगी सुधारली म्हणून तिला पेलेट बोचायला लागला असंही असू शकतं.

दुसरी, सगळे वजनाच्या मागं लागतात. रायफलचा मॅच पेलेट साधारण ०.५३ ग्रॅम, पिस्तूलवाले ०.४५ चा हलका पण वापरतात. पण वजनातल्या फरकानं १० मीटरवर फार काही होत नाही, हिशेब करून बघा. पेलेट सेकंदाला १७० मीटरनं निघतो, टार्गेटला पोचायला साधारण ०.०६ सेकंद लागतो, तेवढ्यात तो १७-१८ मिमी खाली येतो. वेग ५ मीटरनं कमी झाला तर अजून १ मिमी खाली. बास. मग ७ मिमी कशानं जातो? तर डोकं आणि स्कर्ट. पेलेटचं डोकं नळीच्या आट्यांवर (आतल्या पिळदार खाचांवर) बसतं आणि मागचा पातळ घागरा हवेच्या दाबानं फुगून नळीला चिकटतो. डोक्याचं माप ४.४८ पासून ४.५२ पर्यंत येतं, चांगल्या डबीवर ते छापलेलं असतं आणि आत खरंच तेवढंच असतं. घागरा चेपलेला असला की हवा एका बाजूनं आधी निसटते आणि बाहेर पडता पडताच पेलेटला तिरका धक्का बसतो. शिसं मऊ, नखानं चेपतं, आणि स्वस्त डबीत बऱ्याचदा वर स्पंज पण नसतो, कुरिअरमधून येईपर्यंत ५०० पेलेट एकमेकांवर आपटत येतात.

घरी बघायचं असेल तर काच थोडी तिरकी करून तिच्यावर पेलेट सोडा. डोकं आणि घागरा सारख्या मापाचे नसतात म्हणून तो गोल वळत जातो. सगळे एकाच वळणानं गेले पाहिजेत, जो लडखडला किंवा भलतीकडं गेला तो बाजूला. वजन करायचंच असेल तर सराफ कट्ट्यावर ओळखीच्या माणसाकडं जा, किचनच्या काट्यावर काही दिसणार नाही.

पार्कचौक:
हिशेब कळला, पटला पण. तरी एक सांगतो, माझ्यासारख्यांनी महागातलेच घ्यायचे ठरवले असते तर मी शूटिंग सुरूच केलं नसतं. मी गड्ड्याच्या जत्रेत फुगे फोडता फोडता या नादाला लागलो, तिथली बंदूक वाकडी आणि छर्रे गंजलेले, तरी फुगे फुटायचेच. स्वप्निल कुसाळे २०२४ ला पॅरिसला ४५१.४ मारून ब्राँझ घेऊन आला, कांबळवाडीचा पोरगा, त्या दिवशी क्लबात नवीन १५ पोरं आली होती. त्यातली आता चार उरलीत. बाकीची का गेली? खर्चानं गेली. म्हणून स्वस्तातल्या पेलेटला नुसतं वाईट म्हणू नका, एवढंच.

दहा_पूर्णांक_नऊ:
वाईट कोणीच म्हणत नाही रे. मी सुद्धा सुरुवातीच्या मुलींना पहिले चार-सहा महिने साधेच देते. फक्त त्या पेलेटवर मुलीचा स्कोअर ठरवत नाही आणि तिची पोझिशन तर अजिबात बदलत नाही. आणि जत्रेतले छर्रे, लोखंडी बीबी वगैरे क्लबच्या रायफलमध्ये कोणी घालू नका, मऊ शिश्यासाठी केलेले आटे लोखंडानं कायमचे जातात. वापरलेले पेलेट गोळा करून परत मारणारेही बघितलेत मी. नका करू.

बावीस_बोअर:
पोरांनो, उशिरा वाचलं. मी .२२ वाला, म्हणजे काडतुसाच्या रायफलचा, आमच्याकडं हाच प्रश्न दसपट महाग आहे. एनसीसीत २५ यार्डावर .२२ नं सुरुवात केली, पुढं लायसन्स काढून ५० मीटर प्रोन (पालथं पडून) मारायला लागलो. एअर रायफल २० जूलच्या आत आणि .१७७ ची (साडेचार मिमी) असली की लायसन्स लागत नाही, .२२ चं तसं नाही, काडतूस एकेक मोजून मिळतं आणि मोजून द्यावं लागतं. तरीसुद्धा स्वस्त-महाग आहेच.

५० मीटरवर वेगाचा फरक फार बोलतो. एमआयडीसीवाल्यांचाच हिशेब पुढं नेतो. .२२ चं मॅचचं काडतूस सेकंदाला ३२५-३० मीटरच्या आसपास मुद्दाम ठेवतात, आवाजाच्या वेगाच्या खाली. स्वस्त काडतुसात एकाचा वेग दुसऱ्यापेक्षा १० मीटरनं कमी असला तर टार्गेटवर उभ्यात ६-७ मिमीचा फरक पडतो, आणि तिथला १० आहे १०.४ मिमीचा. तुम्ही कितीही थोर असा, अगदी मधोमध नसलेल्या १० चा ९ होऊ शकतो. जास्त वेगाचं स्वस्त काडतूस घेऊन "जोरात जातं म्हणजे सरळ जातं" म्हणणारे पण भेटतात. ते आवाजाच्या वेगाच्या वरून निघतं आणि जाता जाता खाली येतं, त्या सीमेवर गोळी डगमगते.

आपल्या सोलापूरच्या उन्हाचं एक. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ ला जातो, बंद गाडीत तर हात लावायची सोय नाही. शिश्याच्या पेलेटला त्यानं काही होत नाही, शिसं वितळायला ३२७ डिग्री लागतात. पण .२२ च्या गोळीवर मेणासारखं वंगण असतं ते मऊ होऊन खाली उतरतं, आणि दारू तापली की वेग वाढतो. मी डबा थर्मासच्या पिशवीत घालून नेतो, बर्फ नाही, नुसती सावली. मॅचला जाताना वाटेत इंदापूरला जेवायला थांबलो तरी डबा माझ्याबरोबर आत येतो.

आणि भरवशाचं म्हणाल तर खरी भीती मिसफायरची. .२२ ला मधोमध टोपी नसते, काडतुसाच्या कडेच्या आतल्या पोकळीत मसाला फिरवून बसवलेला असतो. स्वस्तात तो सगळीकडं सारखा पसरत नाही, पिन नेमकी रिकाम्या जागी बसली की नुसतं टक्. एका रेंजवर एका जुन्या लॉटमध्ये (एका वेळी बनलेल्या मालात) मला ५० पैकी ४ असे आले. त्या वेळी काय करायचं ते लिहितो कारण नवीन पोरं घाबरून बोल्ट उघडतात. रायफल टार्गेटकडंच, बोल्ट बंद, मनात ३० आकडे मोजायचे, रेंज ऑफिसरला हात वर करून सांगायचं, मगच उघडायचं. आणि आवाज फुसका आला, धक्का नेहमीसारखा वाटला नाही, तर थांबायचं. गोळी नळीत अडकलेली असू शकते, तिच्यामागं दुसरी मारली तर नळी फुटते. घाई असली, मॅच असली, तरी थांबायचं. मी असा एक पोरगा बघितलाय ज्याला शेजारच्या लेनवाल्यानं वेळेवर ओरडून थांबवलं.

जुळे_सोलापूरकर यांना एक विचारतो. १० डब्यांवरचा लॉट नंबर सारखा आहे का? आधी तो बघा.

जुळे_सोलापूरकर:
काका, तुमचं वाचून रात्री ११ ला उठून कपाट उघडलं. डब्यांच्या बुडाला स्टिकर आहे. उरलेल्या तीन डब्यांवर एकच नंबर, आणि संपलेल्या ज्या तीन डब्या पोरीनं टिकल्या-पिना ठेवायला घेतल्या होत्या त्यांच्यावर वेगळाच. एकाच दुकानातून, एकाच दिवशी, एकाच खोक्यात आलेला माल. म्हणजे पहिले तीन आठवडे एक लॉट आणि चौथ्या आठवड्यापासून दुसरा. हाताला घाम आला खरं सांगतो.

जुन्या डबीच्या तळाला वीस-पंचवीस पेलेट निघाले. मॅचचे पण चाळीसेक शिल्लक आहेत. रविवारी क्लबात बोललोय, व्हाइस आहे म्हणतात.

एमआयडीसी_अक्कलकोट_रोड:
रविवारी मी येतो. व्हर्नियर आणतो, रबराचे तुकडे पण आणतो.

जुळे_सोलापूरकर:
झालं मंडळी. सकाळी ८ ला सुरू केलं, साडेदहाला संपलं. एमआयडीसीवाले भाऊ विडी घरकुलवरून स्कूटरवर आले, आधी ओळख ना पाळख, अडीच तास उभे राहिले, पोरीला सगळं समजावून सांगत होते. मनापासून आभार.

आधी वजन. शनिवारी सराफ कट्ट्यावर मित्राच्या काट्यावर केलं. मॅचचे २० घेतले, ०.५२६ ते ०.५३४. जुन्या लॉटचे २०, ०.५२ ते ०.५४. नव्या लॉटचे ५०, ते मात्र ०.४९ पासून ०.५६ पर्यंत. मित्र म्हणाला सोन्यात असं केलं तर दुकान बंद होईल.

आता व्हाइसमधून. ग्रुप बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत मोजला, म्हणजे एकाच भोकातून सगळे गेले तरी साडेचार येणार. मॅचचे १०-१० चे तीन ग्रुप, साडेसहा-सात मिमी. जुन्या लॉटचे दोन, नऊच्या आसपास. म्हणजे तो लॉट खरंच वाईट नव्हता, मला फरक जाणवला नव्हता ते बरोबरच होतं. नव्या लॉटचे ५० मारले. त्यातले ४७ साधारण दहा मिमीत. उरलेले तीन मात्र सरळ बाहेर, एक तर चांगला ७ मिमी लांब गेला, रायफल लोखंडात आवळलेली, कोणाचा हात नाही. तो गेला तेव्हा पोरगी माझ्या शेजारी उभी होती. काही बोलली नाही, नुसतं त्या भोकाकडं बघत राहिली.

भाऊंनी तिथंच हिशेब केला. ५० ला तीन म्हणजे ६० ला तीन-चार, प्रत्येकी पावणेदोन-दोन पॉइंट गेले तर सहा-सात पॉइंट नुसते पेलेटचे. पडलेत ११. मग बाकीचे चार?

दहा_पूर्णांक_नऊ:
बाकीचे चार महिनाभर जे बदलत बसलात त्याचे. बट प्लेट, पाय, डोकं. ते परत येतील, पण एकदम नाही. दिवाळीच्या वेळची सेटिंग कुठं लिहून ठेवलीय का तिनं? डायरी असेल तर तीच मापं लावा आणि दोन आठवडे कशालाही हात लावू नका. आणि सरांना हा सगळा कागद दाखवा. त्यांना वाईट वाटणार नाही, मला जर कोणी दाखवला तर मी तो भिंतीवर लावीन.

पार्कचौक:
दादा चूक झाली माझी, टेन्शन म्हणालो होतो. मी पण माझ्या डब्या बघतो आता. एक विचारायचं होतं, निवडून वापरले तर चालतील का? म्हणजे काचेवर फिरवून, चेपलेले काढून?

एमआयडीसी_अक्कलकोट_रोड:
रविवारी शेवटी तेच केलं बघ. नव्या लॉटमधले डोळ्याला दिसणारे चेपलेले काढले, काचेवरून भटकलेले काढले, राहिलेल्यातले ३० मारले. ग्रुप दहा-अकरा मिमीच राहिला पण एकही बाहेर गेला नाही. ३० म्हणजे थोडेच, छातीठोक सांगत नाही. पण एका डबीला पाऊण तास जातो आणि शेकडा दहाएक टाकून द्यावे लागतात, तो हिशेब धरूनच स्वस्त म्हणायचं.

अजून एक, पेलेट काळे पडलेले असतील, बोटाला काळं लागत असेल, तर भांड्याच्या साबणाच्या कोमट पाण्यात हळूच हलवून, कापडावर पसरून पूर्ण वाळवून घ्या. ती भांडी परत स्वैपाकात नको. आणि नळी, एवढे सगळे मारल्यावर फेल्टचे (नमद्याचे) पेलेट घालून साफ करा, शिश्याची पूड बसते आत.

दहा_पूर्णांक_नऊ:
भांड्यांचं लिहिलंत ते फार बरं केलंत. मुलींना ओरडून ओरडून सांगते, पेलेट तोंडात धरायचे नाहीत, रेंजवर काही खायचं नाही, घरी जाऊन आधी साबणानं हात आणि मगच डबा उघडायचा. शिसं लहान मुलांच्या अंगात गेलं की मेंदूवर परिणाम करतं. निवडायचं काम मोठ्यांनी करा, जेवणाच्या टेबलावर नको.

बावीस_बोअर:
आणि पुढच्या वेळी १० डब्या एकदम मागवू नका. आधी एक मागवा, आपल्याच रायफलमधून मारून बघा, पटली तर त्याच लॉटच्या मिळतील तेवढ्या घ्या. मोठमोठे खेळाडू लॉट टेस्टिंगसाठी परदेशातल्या कारखान्यापर्यंत जातात ते हौस म्हणून नाही. एका रायफलला आवडलेला लॉट दुसरीला आवडत नाही. क्लबात चार-पाच पालक मिळून घेतलंत तर मॅचचा माल पण जरा आवाक्यात येतो.

जुळे_सोलापूरकर:
काका, तसंच ठरवलंय. क्लबातले आम्ही पाच पालक मिळून मॅचच्या डब्या मागवतोय, आधी प्रत्येक रायफलला एक एक टेस्ट करायची, मग बाकीच्या. आठवड्याचे तीन दिवस मॅच पेलेट आणि स्कोअर फक्त त्याच दिवशी लिहायचा. दोन दिवस निवडलेले स्वस्तातले, त्या दिवशी टार्गेट नाही, कोरा कागद, नुसता होल्ड (रायफल स्थिर धरणं) आणि ट्रिगर. पार्कचौकनं पहिल्याच उत्तरात हे सुचवलं होतं, ते त्याचंच.

सरांना काल कागद दाखवला. त्यांनी तो नीट बघितला आणि पोरीला म्हणाले, तू सांगत होतीस तेव्हा मी ऐकायला पाहिजे होतं. डायरीत दिवाळीची मापं सापडली, बट प्लेट परत तिथं आणली. आज मॅच पेलेटवर ४० शॉटच मारले, ३९६.२ आले. उरलेल्या तीन डब्यांवर तिनं काल रात्री मार्करनं मोठ्या अक्षरात लिहून ठेवलंय, "फक्त कोरा कागद".